सात डबे गेटाबाहेर

संक्रांत शुक्रवारची, आणि अण्णांनी बैठक बोलावली रविवारी सकाळी नऊला. नऊ म्हणजे नऊ. कारखान्याचा भोंगा रविवारी वाजत नसे, म्हणून अण्णांनी स्वतःच पितळी तांब्यावर चमचा वाजवला.

निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. क्वार्टर आता थोरल्या नरहरच्या नावावर होतं. पण अण्णा, म्हणजे नीळकंठराव, डिस्पॅच फोरमन होते ते होतेच. बावीस वर्षं त्यांनी शंभर-शंभर टनांचे ट्रान्सफॉर्मर भोपाळहून देशभर रवाना केले होते. आता घरात रवाना करण्यासारखे दोन मुलगेच काय ते होते, आणि ते रोज सकाळी आपणहून जात. त्यामुळे थोरल्या सुनेचे, मंदाकिनीचे, हलव्याच्या दागिन्यांचे सात डबे सात गावांना जायचे आहेत हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज चढलं, ते शशिकलाबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्यावर शेवटचं एकसष्ट साली पाहिलं होतं. तेही लग्नात नव्हे, भोपाळच्या नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा.

मंदाकिनी मात्र परातीपाशी बसून हात चालवत होती. भोपाळची कोरडी थंडी आणि शेगडीतले मंद निखारे, हलव्याला आणखी काही लागत नाही. साबुदाण्यावर चमचाभर पाक सोडायचा, बोटांनी फिरवायचं, पुन्हा पाक, पुन्हा फिरवणं. दोन दिवसांनी काटे फुलतात. मग ते दोऱ्यात ओवून हार, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ. जावयाला हलव्याचं घड्याळ. हे तिच्या माहेरी, ग्वाल्हेरला, घरोघर होई. पण नोकरी कोरब्याला, सून साताऱ्याची आणि संक्रांत तोंडावर, अशी मराठी घरं सरकारी कारखान्यांच्या वसाहतींतून जागोजाग पसरली होती. त्यांतल्या एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने पत्र टाकलं, आणि तिसऱ्या वर्षी मंदाकिनीकडे बाहेरगावच्या सात मागण्या जमा झाल्या. सगळ्यांत मोठी भिलाईच्या कमलताईंची. त्या तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्ष. स्वतःच्या नव्या सुनेसाठी एक संच मागवला होता, आणि खाली लिहिलं होतं, 'नीट पोचला तर पुढल्या वर्षी मंडळातल्या नऊ सुनांचे तुमच्याकडूनच.'

"नीट पोचला तर," अण्णांनी पत्रातले तेवढेच शब्द मोठ्याने वाचले. "प्रश्न बनवण्याचा नाही, मंदा. बनवतं कोणीही. प्रश्न पोचवण्याचा आहे."

"कोणीही बनवतं?" मंदाकिनी परातीतून वर न बघता म्हणाली. "मग अण्णा, जरा बसता का इथे? चटके छान लागतात."

त्या रविवारी घरात तीन पक्ष होते. मंदाकिनीच्या बाजूने मंदाकिनी. कामाच्या बाजूने अण्णा, आणि त्यांच्यामागे धाकटा विश्वास. तो टेस्टिंगमध्ये इंजिनियर होता, आणि कशाचीही चाचणी निघाली की त्याला दुसरं काही सुचत नसे. खोलीच्या बाजूने धाकटी सून कांचन.

कारण भांडण, खरं सांगायचं तर, हलव्याचं नव्हतंच, खोलीचं होतं. पुढची खोली डिसेंबरपासून परातींनी भरलेली. कांचन पुण्याची. तिच्या वडिलांनी लग्नात सागवानी जेवणाचं टेबल दिलं होतं, सहा खुर्च्यांसकट, आणि ते दीड वर्ष सदाशिव पेठेत गोणपाटात गुंडाळून पडलं होतं. भोपाळात ठेवायला जागा नव्हती. कांचन जमिनीवर मांडी घालून जेवे, पण दर घासाला एकदा पुढच्या खोलीकडे बघे.

नरहर कुठल्याच पक्षात नव्हता. टाइम ऑफिसात लोकांची हजेरी मांडणारा माणूस. घरात तो स्वतः हजर असे, एवढंच.

"निकाल सांगतो," अण्णा म्हणाले. "सातही डबे संक्रांतीच्या आत धड पोचले, तर ही खोली दरवर्षी डिसेंबर-जानेवारी मंदाची. एक जरी चुकला, फुटला, अडला, तर धंदा बंद आणि खोली टेबलाला. मान्य?"

"मान्य," कांचन पटकन म्हणाली.

मंदाकिनीचा हात परातीत क्षणभर थांबला. पाक खाली लागायला लागला तसा पुन्हा फिरला. "मान्य."

"पोस्टाने पाठवायचं नाही," अण्णांनी सुरुवात केली. "शिक्के मारतात. रेल्वेच्या बुकिंगनेही नाही. माणसाबरोबर पाठवायचं. जाणारं माणूस शोधायचं."

जाणारं माणूस म्हणजे मराठी घराची खरी टपालसेवा. वसाहतीत कोण कधी कुठे जाणार हे शशिकलाबाईंना कारखान्याच्या रजा विभागाच्या आधी कळे. त्यांनी भाजी निवडता निवडता यादी दिली: इंदूरला भजनी मंडळातली एक, मंगळवारी. नागपूरला विश्वासच्या खात्यातला, सोमवारी. हरिद्वारला जोशी दांपत्य, गंगेला. जबलपूरला एक बदली, कोट्याला एक बारसं, कोरब्याला एक मुलाखत. आणि भिलाईला शेजारचा बाळू पाठक, कारखान्याच्या बॅडमिंटन संघाबरोबर, सोमवारी दुपारच्या गाडीने.

"बघा," त्या म्हणाल्या, "तुमचा तो तक्ता वगैरे काही लागला नाही."

अण्णांनी तरी तक्ता केलाच. दोन रंगांच्या पेन्सिलींनी.

मग बांधणी. अण्णा म्हणाले भुसा. मंदाकिनी म्हणाली, भुशाचा वास साखरेला लागतो. विश्वास म्हणाला कापूस. शशिकलाबाई म्हणाल्या, नवरीच्या गळ्यातून कापूस वेचायचा का. शेवटी तोडगा निघाला तो मंदाकिनीच्या डोक्यातून: चुरमुरे. हलके, कोरडे, ओल शोषणारे, आणि पोचल्यावर भेळ.

"सिद्ध करावं लागेल," विश्वास आनंदाने म्हणाला. "वहिनी, एखादा बिघडलेला संच आहे?"

बिघडलेला होता. त्यात काटे कमी आले होते. तो चुरमुऱ्यांत बसवला, डबा बांधला आणि विश्वास तो घेऊन गच्चीवर गेला. खाली अंगणात अण्णा, हातात घड्याळ. घड्याळ कशाला हे कोणी विचारलं नाही.

"सोडतोय," विश्वास वरून ओरडला.

डबा सरळ आला, जास्वंदीच्या फांदीवर आपटला, तिथून उडून वाळत टाकलेल्या गादीवर, आणि गादीवरून नरहरच्या पायाशी. नरहरने तो उचलला आणि वेळ झाल्यासारखा बायकोच्या हातात दिला. उघडला. हार अखंड. नथ अखंड. कंबरपट्ट्याचे दोनच दाणे सुटले होते, ते अण्णांनी खाल्ले.

"पुरावा नष्ट," कांचन हळूच म्हणाली, आणि तिलाच हसू आलं. मंदाकिनीलाही. दोघी जावा एकमेकींकडे बघून हसल्याची त्या महिन्यातली ही पहिली नोंद.

त्या हसण्यात कोणाचं लक्ष नव्हतं तोवर शशिकलाबाईंनी तो हार गळ्यात घातला होता. बाजूबंद बांधले. नथ अडकवली.

"काय बघताय?" त्या म्हणाल्या. "माझ्या पहिल्या संक्रांतीला सुतक होतं. मला कोणी घातलेच नाहीत." आणि पंचावन्नाव्या वर्षी पांढऱ्या हलव्याने मढून त्या फाटकावर भाजीवाल्याकडे गेल्या. भाजीवाल्याने कोथिंबीर जास्त दिली.

तिथून पुढे सासूबाई कोणत्या पक्षात, हे सांगायला नको.

सोमवारी दुपारपर्यंत डबे तयार झाले. प्रत्येकावर अण्णांनी जुना स्टेन्सिल काढून काळ्या रंगात बाण, छत्री आणि पेला उमटवला. ही बाजू वर, पावसापासून जपा, आतला माल नाजूक.

"पेला का काढलात?" शशिकलाबाईंनी विचारलं. "लोकांना वाटेल आत दारू आहे."

"आंतरराष्ट्रीय खूण आहे ती."

"मग आंतरराष्ट्रीय लोकांना वाटेल."

एकेक जाणारं माणूस फाटकाशी येई, अण्णा डबा हातात देत, धरायचा कसा ते दाखवत आणि तक्त्यावर खूण करत. मंगळवारी संध्याकाळी सातही खुणा पुऱ्या झाल्या. "सगळे डिस्पॅच," त्यांनी जाहीर केलं. त्या संध्याकाळी मंदाकिनीने पहिल्यांदा पाठ टेकली. कांचनने सदाशिव पेठेला पत्र लिहायला घेतलं होतं, ते अर्धवट मिटून ठेवलं.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास मंदाकिनी पाठकांकडे गेली, त्यांची परात परत द्यायला. बाळू रात्रपाळीला होता, म्हणून घरात चहा पीत बसला होता. तो दिसला, तिथेच तिचं पाऊल अडलं. मग तिची नजर वर गेली. कपाटावर, लोणच्याच्या बरणीशेजारी, छत्री, बाण आणि पेला.

"बाळूभैया, तुम्ही भिलाईला नाही गेलात?"

"अरे वहिनी, टूर्नामेंट पोस्टपोन झाली ना. आता उन्नीसला जाणार." बाळूही ग्वाल्हेरचाच, त्याच्या मराठीला हिंदीचं बोट धरल्याशिवाय चालता येत नसे. "टेन्शन नका घेऊ. डबा एकदम सेफ आहे. हात पण नाही लावला."

"उन्नीसला संक्रांत होऊन पाच दिवस झाले असतील."

बाळूने चहाचा कप खाली ठेवला. "हे तर मी सोचलंच नाही."

जेवणाच्या सुटीचा भोंगा झाला आणि नरहर, विश्वास सायकल-स्कूटरवरून घरी आले, तेव्हा पुढच्या खोलीत डबा मधोमध होता, आणि त्याच्याभोवती सगळे उभे. बाळू दाराशी.

"पण तुम्ही म्हणालात डिस्पॅच झाला," मंदाकिनी म्हणाली. आवाज चढवला नाही. सासऱ्यांशी तिने तो कधीच चढवला नव्हता, म्हणून तो जास्तच लागला.

"झालाच होता," अण्णा म्हणाले. "माल गेटाबाहेर गेला की डिस्पॅच. पुढचं वाहतूक विभागाचं. बावीस वर्षं हेच चाललं."

"आणि वाहतूक विभाग कोण?"

सगळ्यांनी बाळूकडे पाहिलं.

"मला काय माहीत मी विभाग आहे," बाळू म्हणाला.

"गेटाबाहेर," शशिकलाबाई म्हणाल्या. "कोणाच्या? आपल्याच फाटकाच्या. डबा बारा पावलं गेला आणि यांनी खूण केली." त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुमचाच निकाल ना, एक जरी अडला तर खोली खाली? मग आता कोणी खाली करायची? मंदाच्या परातींनी, की खिडकीशी तुमची आरामखुर्ची आहे तिने?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. इतकी वर्षं रवाना केलेले किती ट्रान्सफॉर्मर कुठल्या फाटकाशी उभे राहिले असतील, याचा हिशेब त्यांच्या मनात चालला असावा.

"मीच जातो," ते अखेर म्हणाले.

"गुडघे?" शशिकलाबाई.

नरहर जाऊ शकत नव्हता. पंधरा वर्षांत तो एक दिवस चुकला नव्हता, चुकला असता तर स्वतःची गैरहजेरी स्वतःच मांडावी लागली असती. विश्वासची यंत्रं चाचणीवर चढलेली. आणि मंदाकिनीच्या परातीत भोपाळातल्याच टी. टी. नगरच्या तीन सुनांचे दागिने अजून ओवायचे होते. तिने ते बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि खाली बसून हलवा ओवायलाच घेतला. काय करणार? हात रिकामे ठेवले असते तर डोळे भरले असते.

कांचनला सगळं मिळालं होतं. डबा अडला, खोली टेबलाची. तिने फक्त गप्प राहायचं होतं, आणि पुण्याच्या माणसाला ते जमतं. पण तिला गच्चीवरून आलेला डबा आठवत होता, आणि नथीत नटलेल्या सासूबाई. शिवाय भिलाईच्या संचातली चिंचपेटी तिने स्वतः ओवली होती, रविवारी रात्री, मंदाकिनीचा बसल्या जागी डोळा लागला असताना. हे कोणालाच माहीत नव्हतं.

"गाडी कितीची आहे?" तिने विचारलं.

"अडीचची," बाळू म्हणाला.

"मी जाते. वहिनी, स्वयंपाकघरात या जरा."

स्वयंपाकघरात, अण्णांच्या कानाआड, कांचन भराभर बोलली. "मी डबा मांडीवर घेऊन जाते. कमलताईंच्या सुनेच्या अंगावर चढवूनच येते. पण आले की टेबल येणार."

"आणि माझ्या पराती?"

"ते तुम्ही बघा. टेबल साडेपाच फुटांचं आहे."

मंदाकिनीने तिच्याकडे नीट पाहिलं. "चिंचपेटीची गाठ उलटी मारलीयेस तू," ती म्हणाली. "पुणेरी."

कांचन लाल झाली. "कळलं तुम्हाला?"

"मी झोपले नव्हते. जा, साडी बदल. टेबल येईल."

मग जे झालं ते वसाहतीने पुढे कित्येक वर्षं सांगितलं. अण्णांना भलामोठा माल नेतात तसा ताफा हवा होता. विश्वासने अर्धी रजा टाकली. नरहरने ती जागच्या जागी तोंडी मांडून घेतली. सगळ्यांत पुढे बाळूची स्कूटर, तिच्यामागे अण्णा, हातात काठीला बांधलेला शशिकलाबाईंचा लाल परकर. त्यामागे विश्वासची स्कूटर, तिच्यावर कांचन, मांडीत डबा. शेवटी रिक्षात मंदाकिनी, कांचनची पिशवी, दशम्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन. तिने परात शशिकलाबाईंवर सोपवली होती.

"वेग पंधरा," अण्णांनी बजावलं. "खड्डा दिसला की मी परकर डावीकडे करीन."

"आणि गतिरोधक?"

"दोन्हीकडे."

वसाहतीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने अण्णांना इतकी वर्षं सलाम केला होता. लाल परकर पाहूनही त्याने तो केला आणि आडवा बांबू वर उचलला. मागे ट्रक वाजवत होते. अण्णा मागे वळून त्यांना हाताने थांबवत होते. एका चौकात तर हवालदाराने सगळी वाहतूक रोखून ताफा जाऊ दिला. त्याला वाटलं कोणी मंत्री मागून येतोय. रिक्षावाला म्हणाला, "बहनजी, डब्बे में क्या है?" मंदाकिनी म्हणाली, "हलवा." रिक्षावाल्याने वेग आपणहून आणखी कमी केला.

स्टेशनवर पोचले तेव्हा दोन पन्नास झाले होते. गाडी फलाटावर नव्हती.

"गेली," विश्वास म्हणाला.

अण्णांनी फलाटावरच्या हमालाला विचारलं. त्याने बोटं दाखवली: एक तास लेट.

"रेल्वे सरकारी आहे," अण्णा बाकावर टेकत समाधानाने म्हणाले. "सरकारी माणसाला सांभाळून घेते."

गाडी आली. बायकांच्या डब्यात कांचन खिडकीशी बसली, मांडीत हलव्याचा डबा, बाण वर. सासऱ्यांसमोर विश्वासला ती एरवी अहो म्हणे, गाडी हलताना ती खिडकीतून "विश्वास, गॅस बंद केलास का रे?" असं ओरडली, आणि अण्णांनी ते ऐकलंच नाही. मंदाकिनी गाडीबरोबर चार पावलं चालली. मग ती थांबली आणि परकराची काठी अण्णांच्या हातातून काढून घेतली, कारण ते अजून ती हलवत होते.

गुरुवारी तार आली नाही. शुक्रवारी सकाळी तिळगूळ वाटले, टी. टी. नगरच्या तिन्ही सुना नटल्या, तरी तार नाही. अण्णा फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तिळगूळ देत आणि तारवाल्याची चौकशी करत. दुपारी तीनला तारवाला आला. तार अण्णांनी फोडली नाही. मंदाकिनीच्या हातात दिली.

तिने वाचली, आणि पुन्हा मोठ्याने वाचली. "माल नवरीच्या अंगावर. नऊ सुना नक्की. टेबल मागवा. कांचन."

शशिकलाबाई हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या. अण्णांनी तक्ता मागवला, डोळ्यांजवळ धरला, आणि जिथे 'डिस्पॅच' लिहिलं होतं तिथे काट मारून वर लिहिलं, 'अंगावर'. मग भिलाईपुढे खूण केली. बाकी सहांपुढच्या खुणा त्यांनी खोडल्या आणि म्हणाले, "यांची पत्रं येईपर्यंत काही खरं नाही." ती सगळी पत्रं पुढच्या आठवड्यात आली. हरिद्वारच्या पत्रात लिहिलं होतं, चुरमुरे फार छान होते.

रविवारी कांचन परत आली. पुढच्या खोलीत पाऊल टाकलं आणि दारातच थबकली. पराती भिंतीशी रांगेने लागल्या होत्या, आणि मोकळ्या फरशीवर मंदाकिनीने खडूने टेबल काढलं होतं, साडेपाच फूट, चार पाय, भोवती खुर्च्या.

कांचनने खुर्च्या मोजल्या. "वहिनी, माझ्या सहा आहेत. तुम्ही चारच काढल्यात."

"बाकी दोन परातींशेजारी," मंदाकिनी म्हणाली. "पुढल्या वर्षी नऊ संच आहेत. तू काय जमिनीवर बसून ओवणार?"